अंधारातली ताटली

नमुना सत्तेचाळीस मीच आणला,
सीपीआरच्या मागच्या दारानं, बर्फाच्या डब्यात,
स्कूटरवर दोन पायांत दाबून,
दसरा चौकातून थेट सायबर चौकापर्यंत.
चिठ्ठीवर नाव नसतं.
आकडा, तारीख, आणि
"जखम, उजवी पोटरी."

पोटरी मला ठाऊक होती.
बहिणीचा जोतिराम.
सहा वर्षं तालमीच्या तांबड्या मातीत
ती पोटरी मी घडताना बघितली,
आणि सहा आठवड्यांत एका फोडानं खाल्लेली.
तीन औषधं झाली. चौथं महाग.
रोजच्या जोडीदारानं डाव ओळखावा
तसे जंतू आता औषध ओळखतात,
असं डॉक्टर म्हणाले,
आणि त्यांनीही हात टेकल्यासारखे खिशात घातले.

अत्तार मॅडमना मी हे बोललो नाही.
नियम आहे.
त्या म्हणाल्या, रंगराव, गूळ आणाल का घरचा?
चांगलाच हवा असं नाही.

मला हसू आलं.
करपलेल्या एका काहिलीपायी
माझ्या बापानं गुळव्याला
ऐन हंगामात, रात्रीचा, हाकलला होता.
इथं मुद्दाम करपवतात.
पोलादी डबी, झाकण आवळून,
दोनशे अंश, पाच तास.
शेवटी निघतं काय?
कोऱ्या चहासारखं पाणी.

एवढंच? मी म्हणालो.
मॅडमनी दिवा मालवला, जांभळी बॅटरी धरली,
आणि त्या चहाच्या पोटात
निळं काहीतरी डोळे उघडून बसलं.

कार्बनचे ठिपके आहेत, त्या म्हणाल्या,
केसाच्या जाडीत दहा-पंधरा हजार
मांडीला मांडी लावून बसतील.
उजेड गिळतात,
आणि शेजारचा ऑक्सिजन पेटवून देतात.
औषध ओळखता येतं, रंगराव. जळणं कसं ओळखणार?
मग जरा थांबून,
निदान अजून तरी.

दोन ताटल्या.
जंतू तेच, पाणी तेच.
एकीवर अर्धा तास निळा दिवा,
दुसरी फॉइलमध्ये गुंडाळलेली, अंधारात.
अंधारातली ताटली आपलं खोटं पकडते,
हे मॅडमचं वाक्य.
फॉइल गुंडाळणं हे माझं काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी
उजेडातली ताटली सारवल्यासारखी स्वच्छ.
अंधारातली भरगच्च, पिवळसर,
दुधावर साय धरावी तशी.
पण त्या सायीत एके ठिकाणी
मोहरीएवढी जागा मोकळी.

मॅडमनी फॉइल खिडकीसमोर धरली.
एक भोक. सुईच्या टोकाएवढं.
माझ्या नखाचं असणार.
वहीत लिहिलं, फॉइल फाटकी, प्रयोग बाद, पुन्हा.
मला काहीच बोलल्या नाहीत,
ते जास्त लागलं.

ताटली जाळायला न्यायची होती.
जिन्यात थांबून मी झाकणावरून पाहत राहिलो.
जोतिरामच्या पोटरीतले लाखो,
आणि त्यांच्या मधोमध
माझ्या चुकीएवढा उजेड.

संध्याकाळी वॉर्डात गेलो.
मामा, काय चाललंय तुमच्यात?
काचेवर मरायलेत, मी म्हणालो.
आणि पायावर?
पाय अजून लांब हाय रे. आधी उंदीर, मग कागद,
मग मोठी माणसं, मग पाय.
तो पोटरीकडं बघत म्हणाला,
म्हणजे मी नंबराला हाय.

पश्चिमेची खिडकी होती.
नुसत्या उन्हानं काही होत नाही,
मधे ते करपलेलं पाणी लागतं,
एवढं आता मलाही कळतं.
तरी पडदा सारला.
ऊन पट्टीवर आलं, बोटभर, पिवळं.

मामा, डोळ्यावर येतंय, वढ की परत.

वढला.
उद्या फॉइल दुहेरी गुंडाळायची.
नखं आजच काढली.